उभा हात, आडवा हात

काच आपणहून फुटत नाही, असं धुकेबाई म्हणायची. काच फुटते ती तिच्या जुन्या ओरखड्यांमुळे. पुसताना पडलेले, ठेवताना पडलेले, एक काच दुसरीला घासून गेली त्याचे, डोळ्यांना न दिसणारे ओरखडे. वरून कितीही नितळ दिसो, एखाद्या दिवशी जोर पडतो आणि त्यातला एक ओरखडा तोंड उघडतो. मग बघायला नको. माणसांचंही असंच असतं बरं का, असं कुणी पुढे जोडलं की धुकेबाई तिथून उठून जायची. असली वाक्यं तिला सोसत नसत. तिला काचेशी मतलब.

कारखान्यात तिचं खरं नाव कुणी घेत नसे. तीस वर्षं ती फवारणीच्या खोलीत उभी होती. तोंडाला फडकं, केसांवर टोपी, हातात फवाऱ्याची बंदूक. बंदुकीत पांढरा घोळ. चिनीमातीच्या बशीवर जी झिलई असते तिच्याच जातीचा, पण दळून दळून इतका बारीक केलेला, की चिमटीत धरला तरी बोटाला कण लागू नये. बंदुकीतून सुटला की त्याचं धुकं व्हायचं. मागचा पंखा ते ओढून न्यायचा, पण सगळं कुठलं नेतोय? खोलीत कायम थोडं उरायचंच. त्या उरलेल्या धुक्यात खिडकीतलं ऊन शिरलं, की भिंती कुठे संपतात ते कळेनासं व्हायचं आणि धुकेबाईला वाटायचं, आपण कुठल्या तरी पाण्याच्या तळाशी उभ्या आहोत. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. कारखान्यात वेडी म्हणवून घ्यायची तिला हौस नव्हती.

काचेवर तो घोळ वाळला की खडूसारखा दिसायचा. भट्टीत गेला की वितळून काचेला कायमचा धरायचा आणि आरपार दिसू लागायचा. खरी गंमत पुढे, निवताना. निवताना काच जास्त आकसते, वरचा थर कमी. त्यामुळे काच त्या थराला चहूकडून दाबून धरते. पुस्तकांची रांग दोन तळव्यांत घट्ट दाबली की अख्खी रांग उचलता येते, मधलं एकही पुस्तक निसटत नाही, तसं ते. आता ओरखड्याला तोंड उघडायचं तर आधी हा दाब सुटायला हवा.

नियम तिने स्वतःच घालून घेतले होते. काच धुवायची, वाळवायची आणि मग तोंड जवळ नेऊन हाः करायचं. वाफ सगळीकडे सारखी धरली तर काच स्वच्छ. कुणाचं बोट लागलं असेल तर ते लगेच उमटतं, आणि जिथे बोट लागलंय तिथे थर धरत नाही. भट्टीतून निघाल्यावर मग कुणी बोट लावा नाहीतर गाल लावा, काही बिघडत नाही. पण आधी नाही म्हणजे नाही. पुढचा नियम फवाऱ्याचा. उभा एक हात, आडवा एक हात, आणि बंदूक खाली. तिसरा हात मारायचा नाही. थर जाड झाला की तो निवताना काचेचं ऐकत नाही, आणि मग दोघंही तडकतात.

तिच्या उजव्या अंगठ्यावर तिरकी चीर होती. कामाच्या पहिल्याच वर्षी काचेने दिलेली. घरातल्या प्रत्येक पेल्यावर, नवऱ्याच्या चष्म्यावर, कपाटाच्या आरशावर तो चिरलेला अंगठा उमटलेला असायचा. मुलगी लहान होती तेव्हा आरशावर हाः करायची आणि ओरडायची, "आई इथे आली होती!" मग पेल्यावर हाः. "इथेपण!" असा तो खेळ होता. शिंपीकाम करणारा तिचा बाप मशीन थांबवून हसायचा.

त्या मुलीला सगळे बेडकी म्हणायचे. पाण्याच्या पिंपात डोकं घालून ती आकडे मोजायची आणि धुकेबाई वेणीला धरून तिला बाहेर काढायची. पण पाण्याचं वेड ते पाण्याचं वेड, ते कुठे जातंय. आज बेडकी सत्तावीस वर्षांची होती आणि तलावांचा अभ्यास करणाऱ्या एका खात्यात कामाला होती.

त्या दिवशी सकाळी लाकडी खोक्यातून तीन गोल काचा आल्या. जेवणाच्या ताटाएवढ्या, दोन बोटं जाड, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: एक मोडून बघण्यासाठी, एक बसवण्यासाठी, एक जादा. थर आतल्या बाजूला. खालचं अक्षर धुकेबाईने लांबूनच ओळखलं. ज्या पोरीला पाटीवर अक्षर गिरवायला आपण शिकवलं, तिचं अक्षर काय ओळखू येत नाही?

"लोट्याची खिडकी," भट्टीकाका म्हणाले. भट्टी सांभाळणारे हे काका धुकेबाईहून दहा वर्षांनी मोठे आणि शंभर पटींनी बोलके. "तुमच्या लेकीने नाव ठेवलंय म्हणे. पोलादी गोळा, आत एक माणूस, समोर एक खिडकी. दोराने खाली सोडायचा. साठ पुरुष खोल, म्हणजे साठ माणसं एकावर एक उभी."

"मला माहीत आहे."

"विहिरीत लोटा सोडावा तसा."

"काका, मला माहीत आहे म्हटलं ना."

माहीत होतंच. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना बेडकीने सगळं सांगितलं होतं. फार पूर्वी कधीतरी डोंगर खचला, नदी अडली आणि एक अख्खं रान पाण्याखाली गेलं. तळाचं पाणी इतकं गार की झाडं कुजलीच नाहीत. आई, अजून उभी आहेत, फांद्यांसकट! ती खाली जाऊन त्या खोडांतून पेन्सिलीएवढे तुकडे काढून आणणार होती, त्यांच्यातली वर्षं मोजायला. महिनाभरात पाणी गढूळ होईल, मग पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि पुढच्या वर्षी लोट्यात बसायला तिच्या वरचा साहेब टपलेलाच आहे. बोलताना तिचे डोळे असे चमकत होते की बापाने लगेच तिच्या अंगासाठी लोकरीचा कपडा बेतायला घेतला. धुकेबाईने मात्र फक्त विचारलं होतं, "खिडकीची काच कोण करणार?"

"दुसरं कोण?" बेडकी म्हणाली होती. "मी लिहूनच दिलंय."

झालं. आता पळून कुठे जाणार?

पहिल्या काचेला धुकेबाई उभी राहिली तेव्हा तिचा हात नेहमीसारखाच स्थिर होता. काच धुतली, हाः केलं, वाफ सारखी धरली. फिरत्या पाटावर काच ठेवली. उभा हात मारला. आडवा हात मारला. खोलीत धुकं उतरलं, ऊन त्यात शिरलं आणि तिला पहिल्यांदाच त्या धुक्यात झाडं दिसली. उंच, काळपट, पानं नसलेली, अजिबात न हलणारी. दोन खोडांच्या मधून एक दिवा खाली खाली चालला होता. बापरे, केवढा लहान दिवा तो! कोणी सोडलं याला एवढ्या खाली? ती बघत राहिली. दिवा जात राहिला. भानावर आली तेव्हा बोट खटक्यावरच होतं. तिसरा हात मारून झाला होता.

पुसून पुन्हा करता आलं असतं. घोळ ओलाच होता. पण तिच्या मनाने तिला समजावलं, असू दे, थोडा जास्तच बरा. तीस वर्षं इतरांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईने असा विचार करावा! पण आईच्या हाताला माप नसतं, हे वाढणाऱ्यालाही माहीत असतं आणि जेवणाऱ्यालाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी काच भट्टीतून काढली आणि तिच्यापुढे धरली. आटलेल्या डबक्याच्या तळाला भेगा पडतात तशा बारीक रेषा सबंध थरावर पसरल्या होत्या.

"अति तिथे माती," काका म्हणाले.

काका म्हणजे गप्प बसतील तर काका कसले. "बाई, हात घसरला की मन घसरलं?"

"तुमची भट्टी तापली असेल जास्त."

"माझी भट्टी!" काकांनी काच हळूच खाली ठेवली. एवढा अपमान होऊनही ते ओरडले नाहीत, यावरून त्यांना सगळं कळलंय हे धुकेबाईला कळलं.

दुसरी काच तिने डोळे काचेवरून न हलवता केली. उभा, आडवा, बंदूक खाली. झाडंबिडं काही बघितली नाहीत. ती भट्टीतून निघाली तेव्हा थर आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी नितळ होती. जादा काच आता राहिलीच नव्हती, म्हणून ही मोडून बघायची ठरली. पाण्याच्या दाबाच्या टाकीत ती कडी घालून बसवली. काकांनी चाक फिरवायला सुरुवात केली. साठ पुरुषांचा दाब झाला. दुप्पट झाला. तिप्पट झाला. काकांच्या कपाळावर घाम आला, पण काच हूं की चूं करेना. तिपटीच्याही वर गेल्यावर एकदाचा धाडकन आवाज झाला, आणि काका टोपी काढून म्हणाले, "बाई, हिच्यावर हत्ती नाचवा."

धुकेबाई हसली. आणि घरी जाताना रस्त्यात तिच्या लक्षात आलं, की आपली भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली आहे.

काच टिकणार हे आता पक्कं झालं होतं. म्हणजे बेडकी जाणार हेही पक्कं झालं. इतके दिवस सगळी भीती तिने काचेच्या नावावर टाकली होती, आणि काचेने तर आपलं काम चोख केलं. मग दोर तुटला तर? झाकण अडकलं तर? हवा संपली तर? त्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि शेजारी नवरा लोकरीच्या कपड्याच्या बाहीचं माप झोपेत पुटपुटत होता.

तिच्या हातात एकच गोष्ट होती. शेवटची काच.

तिसऱ्या काचेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कामावर आली. काच धुतली, वाळवली, पाटावर ठेवली. मग फडकं खाली करून खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि उजवा अंगठा काचेच्या कडेशी टेकवला. टेकवला म्हणजे दाबलाच. वाळल्या काचेवर काही दिसलं नाही. तिथे थर धरणार नाही, बसवण्याआधी टाकीत दाब देतील तेव्हा तिथेच काच जाईल, काका हळहळतील, बेडकी रडेल, आणि घरी राहील. कुणाला पत्ता लागणार नाही. इतका साधा हिशेब होता. तिने फडकं पुन्हा तोंडावर ओढलं.

"आई, सुरू नाही ना केलंस?"

बेडकी दारात उभी होती. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, लहानपणी यायची तशीच, फक्त उंची वाढलेली. "म्हटलं शेवटची माझ्यासमोर होऊ दे. मी बाजूला उभी राहते. लुडबुड नाही करत."

"तू कशाला आलीस? घोळ नाकातोंडात जाईल."

"मग फडकं कशाला बांधलंय?" ती आत आली, पाटावर वाकली. "हाः केलंस?"

"केलंय."

"मी करू एकदा? कितीतरी वर्षांत केलं नाही गं."

नाही म्हणायला काय कारण द्यायचं? चोराच्या मनात चांदणं. धुकेबाई कारण शोधतेय तोवर पोरीने फडकं खाली ओढून, गाल फुगवून, जसं आरशावर करायची तसंच हाः केलं. काच पांढरी झाली. सारखी, छान, गोल पांढरी. आणि कडेशी एक अंगठा उमटला. त्यावर तिरकी चीर.

वाफ विरेपर्यंत दोघी तिकडे बघत राहिल्या. अंगठा गेला. काच पुन्हा साळसूद दिसू लागली.

"आई इथे आली होती," बेडकी हळू म्हणाली.

धुकेबाईने बंदूक हातात घेतली, परत ठेवली. "चुकून लागला असेल."

"तीस वर्षांत कधी चुकून लागलाय?"

पंखा घरघरत होता. धुकेबाईला वाटलं ही आता ओरडेल, आणि ओरडली असती तर किती बरं झालं असतं. पण बेडकी पाटाच्या कडेवर टेकून बसली आणि काचेकडेच बघत बोलली.

"टाकीत मोडेल असं वाटलं ना तुला?"

धुकेबाईने मान हलवली.

"टाकीत हिला दीडपट दाब देणार, पाव तास. पाव तास टिकली असती तर? मी खाली तीन तास असणार आहे, आई."

हे धुकेबाईच्या मनात आलंच नव्हतं. खरंच आलं नव्हतं. कारखान्यातल्या कुठल्याही नव्या माणसाला तिने पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं असतं, की कमजोर काच लगेच जात नाही, दाब सोसत राहते, आणि मग अचानक जाते. तिला ती झाडं दिसली, तो दिवा दिसला, आणि ती पाटाला धरून खालीच बसली. हुंदका आला तो तिला आवरता आला नाही.

"तू गेलेलं मला नको आहे," ती म्हणाली. "अजिबात नको आहे. मला भीती वाटते गं. पिंपातून काढायची ना तुला, तेव्हापासून वाटते."

"मग हे तोंडाने सांगायचं, काचेवर कशाला?" बेडकी तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिचाही आवाज ओला झाला होता. "सांगितलंस. ऐकलं मी. भीती मलापण वाटते. पण मी जाणार आहे."

"ते माहीत आहे मला. हट्टी आहेस मेली."

"कुणावर गेले?"

धुकेबाई हसली की रडली ते फडक्यामुळे नीट कळलं नाही. मग ती उठली. दुसऱ्या कुणाला हात लावू न देता तिने काच पुन्हा धुतली, एकदा नाही, तीनदा. वाळवली. "हाः कर," ती म्हणाली. बेडकीने केलं. वाफ सगळीकडे सारखी धरली. दोघींनी ती पूर्ण विरेपर्यंत वाट बघितली.

उभा हात. आडवा हात. धुकं खाली उतरलं आणि पलीकडच्या भिंतीशी उभी असलेली पोर पुसट होत गेली. आधी पाय, मग हात, मग नुसती टोपी. धुकेबाईचा हात हवेतच थांबला. अजून एक, तो हात म्हणत होता, अजून एकच, काय बिघडतंय. सगळं आयुष्य हा हात असंच म्हणत आला होता. अजून एक घास, अजून एक पांघरूण. तिने बोट खटक्यावरून काढलं आणि बंदूक खाली ठेवली.

भट्टीतून काच नितळ निघाली. टाकीत दीडपट दाबाखाली तिला पाव तास ठेवायचं होतं. काकांनी कुणाला न विचारता तीन तास ठेवली, आणि सबंध वेळ एक शब्द बोलले नाहीत. कारखान्यात ही गोष्ट काचेपेक्षा जास्त दिवस बोलली गेली.

दहा दिवसांनी धुकेबाई तलावातल्या तराफ्यावर एका लोखंडी पेटीवर बसली होती, कानाला लोट्यापर्यंत तार गेलेला फोन लावून. सकाळची वेळ, वारा नाही, पाणी काचेसारखं स्थिर. लोटा खाली सोडणारी माणसं दोरावरच्या खुणा मोठ्याने मोजत होती. दहा. वीस. बेडकी मधूनमधून बोलत होती. बाबांच्या कपड्यात इतकी ऊब आहे की घाम येतोय. पाणी हिरवं होतं, आता निळं झालं. चाळीस. आता काळं. दिवा लावते. साठवर दोर थांबला आणि फोनही गप्प झाला. धुकेबाईने पेटीची कडा घट्ट धरली.

"आई."

"बोल, बोल ना."

"आहेत गं. उभी आहेत सगळी. फांद्यापण आहेत. दिव्यात पाणी असं पांढरट दिसतंय, तुझ्या खोलीसारखंच. अगदी तुझ्या खोलीसारखं आहे इथे."

"माहीत आहे," धुकेबाई म्हणाली, आणि तोंडून कसं गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

खाली बराच वेळ खुडबुड चालली होती. लोट्याला बाहेरून बसवलेल्या लोखंडी हाताने खोड धरल्याचं बेडकीने सांगितलं, मग पहिला तुकडा निघाल्याचं. मग एकदम तिचं हसू ऐकू आलं.

"काय झालं?"

"काही नाही. गारठा आहे ना, माझ्या श्वासाने खिडकी आतून धूसर झाली. पुसायला गेले, तर..." ती थांबली. "कडेशी तू आहेस."

धुकेबाईने उजव्या हाताची मूठ मिटली. "भट्टीतून आल्यावर लावलाय," ती घाईघाईने म्हणाली. "टाकीतून काढल्यावर. सगळं पक्कं झाल्यावर. त्याने काही बिघडत नाही, काकांना विचार हवं तर."

"मला माहीत आहे गं."

"पुसून टाक. नीट दिसायला हवं तुला."

"बाकीची पुसलीय," बेडकी म्हणाली. "तेवढं राहू दे."

फोनमध्ये पुन्हा लोखंडी हाताची खुडबुड सुरू झाली. अजून दोन तास जायचे होते, आणि धुकेबाई पेटीवर नीट सावरून बसली.